रंभेच्या नावाच्या काड्या

२७ फेब्रुवारी १९७४, राखेचा बुधवार

पाद्रीसाहेब म्हणाले, इस्टरपर्यंत अख्खं पवित्र शास्त्र, बायबल, वाचून काढा. वाचीन! तिसरी शिकली, बोट ठेवून वाचते. पण मले पुण्य नको. शेजारच्या रंभाबाईले लागेल असा एक शाप पाहिजे.

माझ्या नातीचं, नीलाचं, वर्ध्याचं स्थळ जमत आलं होतं. मुलाची आत्या बायांच्या प्रार्थनासभेत येऊन बसली. अन् ही रंभा डोळे मिटून, गळा काढून— "प्रभू, नीलाच्या फिटा थांबव!" फिटा! पाचव्या वर्षी यायच्या. चौदा वर्षं झाली, एक नाही. घराबाहेर वाच्यता नाही. हिले कोणी सांगितलं? आत्या चहा न पिताच उठली.

५ मार्च

वंशावळ्या वगळल्या. देवाले पाठ असतील. मिसरावरच्या पीडा वाचल्या— बेडकं, उवा, फोड. रंभेले फोड चालतील. तिथं आगपेटीची काडी ठेवली खुणेले.

१९ मार्च

स्तोत्रं. दावीद राजा माझ्यासारखाच! दुश्मनांचे दात पाड म्हणतो देवाले. एका दिवसात नऊ काड्या. नीला म्हणे, "आजी, पुरे वं. शास्त्र पेट घेईल." हसते पोरगी. सकाळी उशी ओली असते तिची.

२ एप्रिल

येशूचं सुरू झालं अन् काड्या थांबल्या. दुसरा गाल म्हणे! त्याच्या शेजारी रंभा नव्हती.

७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

उत्तम शुक्रवारी, येशू वधस्तंभावरून जे सात शब्द बोलला, त्यांवर देवळात सात जण बोलतात. पहिला मले दिला— क्षमेचा. त्यांले कळत नाही काय करतात ते, म्हणून क्षमा. पळवाट सापडली! भर देवळात म्हणीन— न कळता करते तिले क्षमा, कळून करते तिले नाही. अन् रंभेकडे पाहीन.

निघताना रंभाच आडवी आली. "काहून वं, बोलत नाहीस?"

"शुक्रवारी बोलीन."

१२ एप्रिल, उत्तम शुक्रवार

चष्मा घरी राहिला. पाद्रीसाहेबांनी रंभेचं मोठ्या अक्षरांचं शास्त्र हाती दिलं. उघडलं तर आत पिवळी चिठ्ठी. माझंच वाकडं अक्षर, चष्म्याशिवाय ओळखलं— 'नीलाले फिट येते. प्रार्थना करा. मी सांगीन तोवर थांबू नका.' चौदा वर्षांमागं मीच बायांच्या प्रार्थनासभेतल्या चिठ्ठ्यांच्या टोपलीत टाकली होती. कोणाच्या हाती गेली, विचारलं नाही.

रंभा थांबली नाही. सांगायचं माझंच राहिलं.

शब्द वाचला. तिच्याकडे पाहता आलं नाही.