शंभर टक्के हजेरीचं दुखणं

ती. ताईंना,

वाकून (कंबर धरल्यामुळे अर्ध्यावरच थांबून) नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. आता आम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या कपाटावरची धूळ तुम्हाला दिसते, हे वाचून तितकंसं बरं वाटलं नाही. कपाट पुसलं आहे. गुडघा कसा आहे? जिना चढू नका, असं डॉक्टर म्हणाले असतील आणि तुम्ही त्यांनाच दोनदा खालीवर करायला लावलं असेल, हे आम्ही गृहीत धरून आहोत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण मी तुम्हाला फोन लावला की तुमचा भाऊ शेजारी येऊन ताठ बसतो आणि मला मोकळेपणानं त्याच्याविषयी काही बोलता येत नाही.

मी कुठे काम करते ते तुम्ही दर भेटीत विचारता, म्हणून एकदा लिहूनच टाकते. ज्यांना स्वतःचा धंदा काढायचा आहे (हल्ली त्याला स्टार्टअप म्हणतात, धंदा म्हटलं तर लोकांना राग येतो) त्यांना आमची संस्था सहा महिने शिकवते. शिकवायला बरेच जण आहेत. मी फक्त माहिती ठेवते: कोण आलं, किती तास बसलं, पुढे त्यांचं काय झालं. शेवटचा रकाना भरताना मला कधी कधी गहिवरून येतं. आमचे संचालक दिसायला भारदस्त आहेत. मुलं त्यांना दीपस्तंभ म्हणतात, कारण ते सगळ्यांना वाट दाखवतात आणि स्वतः जागचे हलत नाहीत. याच संस्थेत तुमच्या भावानं चांगली बसून करायची नोकरी सोडून नाव घातलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. काय बनवतोय हे मात्र त्यानं तुम्हाला मुद्दामच सांगितलं नसेल. सुई-दोऱ्याशिवाय शर्टाला बसणारं बटण. कंपनीचं नाव त्यानं असं ठेवलंय की त्यात एकही स्वर नाही. शेजारच्या काकूंनी ते वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा घरातल्या तिघांनी त्यांना रुमाल पुढे केला.

तर झालं असं, की वार्षिक समारंभासाठी दीपस्तंभांनी मला यशाचं रहस्य शोधायला सांगितलं. आजवर जेवढे शिकून गेले त्या सगळ्यांची माहिती काढायची, कोणाचा धंदा टिकला आणि कोणाचा बुडाला ते बघायचं, आणि त्यातून पाहुण्यांसमोर सांगण्याजोगं काहीतरी काढायचं. मी काढलं. काही गोष्टी किरकोळ होत्या (घरच्यांना नाव उच्चारता येत नाही असे धंदे लवकर बसतात, हे मी घरी जेवताना सहज बोलले आणि त्या दिवशीचं जेवण शांततेत पार पडलं). पण मुख्य गोष्ट बघून मला वाटलं, मी कागदच उलटा धरलाय. ज्यांची हजेरी पूर्ण, त्यांचे धंदे बुडालेले. जे सारखे दांडी मारत होते, तेच टिकलेले. मी त्यातल्या बऱ्याच जणांना फोन करून विचारलं, की तुम्ही वर्गात नव्हतात तर होतात कुठे? चालायच्या काठ्यांच्या मुठी बनवणारी एक बाई म्हणाली, दवाखान्याच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात मूठ देत होते. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. अर्धवट झालेली वस्तू घेऊन ते परक्या माणसांकडे जात, तिथे शिव्या खात आणि घरी येऊन ती बदलत. हे सगळं मी दीपस्तंभांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "आकडे जरा सभ्य करता येतील का?"

मी सभ्य केले नाहीत. समारंभात आहे तसंच सांगितलं. पुढच्या रांगेतले पाहुणे कार्यक्रमपत्रिका वाचायला लागले आणि मागच्या बाकांवरून टाळ्या. घोटाळा असा झाला, की "जे गैरहजर होते" एवढं ऐकल्यावर पुढचं "ते गिऱ्हाइकांकडे गेले होते" हे कोणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग रिकामा. निम्मे सिनेमाला, उरलेले खाली कँटीनमध्ये यशस्वी होत बसलेले. वर्गात एकच माणूस. पहिल्या बाकावर, पेन्सिलीला टोक काढून. ताई, तो कोण ते मी सांगायला नको. दीपस्तंभांनी त्या एकट्याला माईक लावून शिकवलं.

घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, अरे, तू तरी ती बटणं घेऊन लोकांत जा. तर म्हणाला, "वर्ग चालू असताना उठायचं नाही, असं ताईनं सांगितलंय."

"तेव्हा तू चौथीत होतास!"

"मग? तिनं ते नंतर मागे कुठे घेतलंय?"

 यावर तुम्हाला काही उत्तर सुचलं तर कळवा.

शेवटी सुट्टीच्या दिवशी मी त्याला धरून एका वृद्धाश्रमात नेलं. तिथे त्यानं एका आजोबांच्या शर्टाला बटण बसवलं. आजोबा मोठ्यानं हसले, बटण सुटलं आणि थेट व्यवस्थापकांच्या चहात पडलं. मी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका आजींनी त्याला जवळ बोलावलं. त्या पूर्वी डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. आता हात थरथरतात. म्हणाल्या, "बटण शिवून द्यायला इथे माणसं आहेत रे. मला ते लावता येत नाही, त्याचं काही कर. रोज दुसऱ्याकडून गळ्याचं बटण लावून घ्यायचं, त्यापेक्षा मी तोच झगा तीन-तीन दिवस घालते." तुमचा भाऊ त्यांच्यापुढे खाली बसला आणि संध्याकाळपर्यंत त्यांची बोटं बघत राहिला. जेवायचंही विसरला. घरी येऊन त्यानं आधीची सगळी बटणं पिशवीत भरून माळ्यावर टाकली आणि आठवडाभर खपून नवं केलं. दोन टोकं नुसती जवळ आणली की लोहचुंबकानं आपोआप लागणारं. मी डोळे मिटून, हातात जाड मोजे घालून लावून पाहिलं. लागलं! त्याचा तो चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितला. आजींना त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी येतो असा निरोप दिला.

आणि सकाळी उठून, आंघोळ करून, दप्तरात वह्या भरून हा वर्गात गेला. विषय होता "गिऱ्हाइकाचं मन कसं ओळखावं". तिकडे आजी नाश्ता होताच दारापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तो तिथे संध्याकाळपर्यंत बसला तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी बाहेरच्यांना फार वेळ थांबू देत नाहीत, आणि बटण दिवसभर वापरून बघायला हवं. मीच नेऊन दिलं असतं, पण आजी म्हणतात, ज्यानं बोटं बघितली त्यालाच पाठव.

बाकी सगळं ठीक. भाचरांना आशीर्वाद. तुमच्याकडच्या मांजरीचं पोट सुधारलं असेलच.

तुमची,
भावजय

ता. क. : पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तुम्ही मुख्याध्यापिका होतात तेव्हाच्या वळणदार अक्षरात एक रजेची चिठ्ठी पाठवाल का? "माझ्या धाकट्या भावास वर्गात न बसण्याची परवानगी आहे" एवढं पुरे. पोटदुखी वगैरे घालू नका, त्याला खोटं चालत नाही. शाळेचा शिक्का चुकून तुमच्याकडे राहिला असेल, तर तोही मारा.

आ. ता. क. : मी तुमच्या अक्षरात चिठ्ठी लिहून पाहिली होती. पहिल्याच ओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आणि त्यानं लगेच ओळखलं. लाल पेननं दुरुस्त करून मला परत दिली.

शेवटचं : चिठ्ठी टपालात टाकण्याआधी तिची आणखी एक प्रत करा. नाव कोरं ठेवा. मी हे संस्थेत बोलले, तर दीपस्तंभांनी मागितली. त्यांनाही म्हणे गेली कित्येक वर्षं एक गोष्ट करून बघायची आहे. काय ते सांगत नाहीत, पण विचारताना कानापर्यंत लाल झाले होते.