जाळीची बाजू वर

ती. मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरीही पूर्ण वाकून). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे आई ठीक आहे. बाबा काठी घेऊन अंगणापर्यंत जातात आणि परत येऊन काठीलाच नावं ठेवतात. मला मात्र एका जागी बसवत नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून मागे गेलो आणि झाकणांच्या कडांवरचा लेप वाळला का ते बोट लावून पाहिलं. वाळलेला नाही. पत्रावर डाग दिसेल तो त्याच बोटाचा.

तुम्हाला ठाऊक आहेच, चार महिन्यांपूर्वी बाबा बोटीवर घसरून पडले ते सामानाच्या पेटीच्या झाकणावरून. झाकणं तुमच्या हातची, त्यामुळे खापर तुमच्या प्लायवूडवर फुटलं आणि तेव्हापासून तुम्हा दोघांत अबोला आहे. (आई दोघांच्या वतीने एकटीच बोलते.) गेल्या गुरुवारी बाबांनी जाहीर केलं की दहा दिवसांनी, रविवारी, ते बोटीवर पाऊल ठेवणार, पाय सरकला तर बोट विकायची. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस बोट विकून काय करणार? भिंतीकडे बघत बसणार, आणि मला ते बघवणार नाही. म्हणून नवी झाकणं आणि डेकची मधली फळी मी स्वतः करायला घेतली. तुम्हाला विचारायची सोय नव्हती.

प्लायवूडवाल्याने पंधरा नमुने मांडले आणि प्रत्येक नमुना हाच उत्तम म्हणून सांगितला. गाढवाला गुळाची चव काय, हे त्याने माझ्या चेहऱ्यावरून ताडलं असावं. मग मी पंधराही प्रकारांचे वीतभर तुकडे घरी आणले आणि बायकोच्या सर्वांत मोठ्या पातेल्यात उकळत ठेवले, कारण जो डिंक उकळत्या पाण्यात टिकतो तोच बोटीवर टिकतो, हे वाक्य तुमचंच. संध्याकाळपर्यंत नऊ तुकड्यांचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. शेजारीण वासाने आली, पातेल्यात डोकावली आणि आमच्या घरची परिस्थिती कशी आहे ते बायकोला हळूच विचारून गेली. उरलेल्या सहा प्रकारांची परीक्षा दुकानात झाली: फळी पायरीवर तिरकी टेकवायची, साबणाचं पाणी ओतायचं आणि अनवाणी उभं राहायचं. पाच फळ्यांवरून मी पडलो (कंबरेचं कारण हे). सहावीच्या एका बाजूवर बारीक जाळीची खरखरीत नक्षी उठवलेली होती. तिच्यावर पाय असा रोवला गेला की प्लायवूडवाल्याला हात धरून मला खाली घ्यावं लागलं. वजन बेताचं, आतले थर सलग, ठोकून पाहिलं तर कुठे पोकळ आवाज नाही. तीच घेतली.

आता खरा घोळ ऐका. जाळीवर पेन्सिल उमटत नाही. म्हणून मी शीट पालथं घातलं, त्याच्या गुळगुळीत पाठीवर तुमची जुनी झाकणं सुलटी ठेवली, भोवती रेघ मारली आणि अख्खा दिवस घालवून कापली. आपली झाकणं चौकोनी नाहीत, बोटीच्या कुशीप्रमाणे एकीकडे वळलेली आहेत, हे मी लहानपणापासून बघतोय. तरी बोटीवर नेल्यावर उजेड पडला. चारही झाकणं बसत होती, पण फक्त जाळी खाली केली तर. म्हणजे पेटीतल्या दोरखंडांना घसरायची भीती उरली नव्हती आणि बाबांसाठी वर आरसा. तसं दुसरं शीट दुकानात शिल्लक नाही. दोन दिवस मी स्वतः जेवलो नाही आणि घरात कोणाला सुखाने जेवू दिलं नाही. काल तुमची भाचेसून डबा घेऊन बोटीवर आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि डावीकडची झाकणं उजवीकडे, उजवीकडची डावीकडे ठेवून दिली. बसली. जाळी वर. मग तिने डबा उघडून माझ्यापुढे ठेवला.

आता राहिल्या कापलेल्या कडा. पाणी तिथूनच शिरतं, म्हणून लेपाचे तीन हात देतोय. बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. रविवारी तुम्ही यावं. बाबा बोटीवर चढताना एका बाजूला मी असेन, दुसऱ्या बाजूला माणूस नाही.

ता. क. दुसरा. हे न लिहिता पाकीट बंद करत होतो, जमलं नाही. तुमच्या झाकणांचा दोष नव्हता. बाबा पडले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांवर चकचकीत रंगाचे दोन हात मारले होते. सगळे तुमच्या नावाने बोलू लागले तेव्हा मी गप्प बसलो. चार महिने मला याचीच लाज वाटते आहे.

ता. क. तिसरा. बाबांनी पत्र कोणाला म्हणून विचारलं आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "रंग तू मारलास. पण डबा कोणी आणून दिला? मीच ना? चकाकी बघून भुललो. तुझ्या मामाचं नाव घेणं सोपं होतं." एवढं बोलून त्यांनी पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

झाकणं चांगली होती. रविवारी ये, मला हात लागेल. येताना रंधा आण, पोराने कडा करवतीने नाही, दातांनी कापल्यात.