बाबांचं नाव, पाचव्या वर्गात

कुवा, १९ एप्रिल २०२४, शुक्रवार

प्रिय उमरजाक,

सलाम. अल्लाहच्या कृपेने आम्ही सगळे ठीक आहोत. कझानला अजून थंडी असेल. आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. डाळिंबांना पालवी फुटली, आणि मागोमाग पानांवर माव्याची कीडही आली.

ईदला तू आईला फोन केलास, तेव्हा मी दाराआडच उभा होतो. तुझा आवाज बाबांसारखा झाला आहे.

कामाचं लिहितो. आपल्या खताच्या पिशवीवर बाबांचं नाव आहे ना, ‘सोबिर-ओता’, त्याच्या व्यापारचिन्ह म्हणून केलेल्या नोंदणीची दहा वर्षं यंदा संपतात. मुदत वाढवायला शहरात गेलो होतो. कचेरीत दहा वर्षांपूर्वीचीच बाई होती. म्हणाली, “काका, खत पहिल्या वर्गात आहेच. कीड मारायचं औषध पाचव्यात येतं. तुम्हाला तेव्हाही विचारलं होतं मी.”

विचारलं होतं, उमरजाक. फक्त खताची नोंद असलेला तो कागद तू माझ्यासमोर धरलास आणि तुझ्या बाटलीचं काय म्हणून विचारलंस, तेव्हा मी म्हणालो, वर्गबिर्ग मला काय कळतात, एकदा नाव नोंदलं की सगळ्या मालाला चालतं असं वाटलं. ते खोटं होतं. तिने नीट समजावलं होतं, आणि मी तिला सांगितलं होतं, “आमच्याकडे औषधबिषध काही नाही.” तू तेव्हा घरी मागच्या खोलीत औषधाच्या बाटल्या भरत होतास.

बाबांचं नाव विषावर नको, असं मी मनाला समजावलं. नमाज झाल्यावरही तेच घोकत बसायचो. खरं म्हणजे तुझी बाटली माझ्या पिशवीपेक्षा जास्त खपत होती.

काल हे आईला सांगितलं. कणीक मळता मळता म्हणाली, “तुझं खत खाऊन झाडं वाढली रे, आणि मावा काय तुझ्या दुआंनी मेला? तुझा बाप जन्मभर तंबाखूचं पाणी शिंपडत होता, विसरलास?”

तेच पाणी तू बाटलीत भरलंस.

पाचव्या वर्गाचा नवा अर्ज भरून ठेवला आहे. अर्जदार तू. माझं संमतिपत्र जोडलं आहे. सही तेवढी तुझी हवी. बाई म्हणाली, कागद टपालाने पाठवा, चालतं. मी म्हटलं, नाही चालणार.

तू निघालास त्या सकाळी आईने पुढे केलेल्या रोटीचा घास घेतला नाहीस. परत येऊन उरलेली खायची, म्हणून घेतात तो घास. ती अख्खी रोटी अजून खिळ्याला टांगलेली आहे. दर जुम्म्याला मी तिच्यावरची धूळ पुसतो. आज पुसली, आणि लिहायला बसलो.

सोबिर-ओतांच्या दोन मुलांपैकी एक,
तुर्सुनबोय