फ्रान्सकडे तोंड केलेली चाळण

प्रिय हैथम,

शेजारच्या मोंजियाची सून परवा लियाँला निघाली आहे. तिच्या सामानात हरीसाच्या तिखट चटणीची बरणी, बसीसाचं पीठ आणि हे पत्र कोंबलं आहे. तू बरणी आधी उघडशील हे मला ठाऊक आहे, पण कृपा करून पत्र आधी वाच. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात, आणि एरवी 'ऐकू आलं नाही' म्हणणाऱ्या या माणसाला माझं कुजबुजणं मात्र भिंतीपलीकडून ऐकू येतं. तू गेल्या रविवारी वैतागून म्हणालास ना, की आता बस झालं, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो, तो नवी लाइन टाकून देईल आणि ही डोंगलची कटकट एकदाची संपेल? त्या माणसाबद्दलच लिहिते आहे. तो दारात येऊन उभा राहण्याआधी हे तुझ्या कानावर गेलं पाहिजे.

उन्हाळ्यात तू जाताना तुझ्या जुन्या कॉम्प्युटरला नेट पकडणारं ते बोटाएवढं डोंगल लावून दिलंस, आणि म्हणालास, आता रविवारी मोठ्या पडद्यावर बोलू. पहिल्याच रविवारी तुझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी म्हटलं, याला जांभई आली की काय. बाबा म्हणाले, नेट अडकलं. तिथून सगळं सुरू झालं. तू फोनवरून सांगायचास आणि बाबा जमिनीवर बसून ऐकायचे. आधी डोंगल कॉम्प्युटरच्या पाठीमागे भिंतीला चिकटून होतं, लोखंडी डब्याच्या आड. ते पुढे घ्या म्हणालास. मग म्हणालास, ते खुपसायचं निळं भोक शोधा, ते जलद असतं. बाबांना निळं भोक सापडेना. चष्मा लावला, टॉर्च आणली, शेवटी धूळ पुसल्यावर ते निळं निघालं. माझ्याकडे असं बघितलं, जशी ती धूळ मी मुद्दाम जमवून ठेवली होती!

पुढच्या रविवारची गंमत तुला अर्धीच माहीत आहे. मी कुसकुस करायला घेतला, मांस शिजत टाकलं, रवा मळून ठेवला आणि बघते तर चाळण गायब. सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. मोंजियाकडे जाऊन विचारलं, तर ती म्हणते, माझ्याकडे माझी आहे बाई, तुझी कशाला नेऊ? शेवटी तुझ्या खोलीत गेले. चाळण खिडकीत, आडवी बांधलेली, आणि तिच्या पोटात डोंगल. तू लहान असताना गच्चीवर अशीच चाळण बांधून शेजारीपाजारी परदेशी टीव्ही पकडायचे, ते डोक्यात. मी ओरडले, अहो, रवा कशात वाफवू, तुमच्या टोपीत? तर हा माणूस शांतपणे म्हणतो, थांब जरा, बरोबर दिशा लागते आहे. चाळणीचं तोंड समुद्राकडे, उत्तरेला. मुलगा फ्रान्समध्ये आहे ना, मग तिकडेच नको का तोंड करायला? आणि राउटर बिचारा पुढच्या खोलीत, चाळणीच्या पाठीमागे!

तू हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलास. बाबा, लहरी आधी आपल्या पुढच्या खोलीत जातात, मग माझ्याकडे येतात, असं तू सांगितलंस. मला वाटलं, आता हे चिडणार, उठून कॅफेत जाऊन पत्ते खेळणार. पण तेही हसले. हैथम, तुझे बाबा तुझ्याशी बोलताना हसले हे मी याआधी कधी पाहिलं, ते आठवून आठवून थकले.

तुला तरी आठवतं का रे? जन्मभर मासळीबाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे जायचे तेव्हा तू झोपलेला, आणि दुपारी परत यायचे तेव्हा घशातून आवाज निघायचा नाही. लिंबू घालून गरम पाणी प्यायचे आणि गप्प बसायचे. सगळ्या बिझर्त गावाला ऐकू जाणारा आवाज, घरात मात्र खुणेवर कारभार. तू गेल्यावरसुद्धा फोन कसा असायचा? ठीक ना? ठीक. खाल्लंस का? खाल्लं. उम्मीला देतो. संपलं. मग फोन माझ्या हातात आणि ते गॅलरीत. मी तुझ्याशी तासभर बोलायचे आणि ते बाहेर एकच कुंडी पुन्हा पुन्हा सरकवत बसायचे. मला राग यायचा. मी म्हणायचे, अहो, मुलगा आहे तो, जकात घ्यायला आलेला शिपाई नव्हे. तर ते म्हणायचे, मी काय बोलू त्याच्याशी, त्याच्या कामातलं मला काय कळतं.

आणि आता बघ. सॉफ्टवेअर काढून नवं घातलं, वीज वाचवायच्या चौकटीतली खूण काढली. राउटरची दोन नावं दिसतात, त्यातलं एक लांब जातं पण सावकाश, दुसरं जलद पण आपल्या जाड भिंतीला घाबरतं, हे सगळं बाबा आता मला समजावतात. मी भाजी चिरत असले तरी सोडत नाहीत. मोंजियाच्या घरचं नेट मंदावलं तेव्हा तिच्याकडे जाऊन, तिचं डोंगल लांब वायर लावून वर खिळ्याला टांगून आले. येताना तिने बदामाचे लाडू दिले, म्हणाली, तुझा नवरा इंजिनियर कधी झाला? मी म्हटलं, दर रविवारी थोडा थोडा होतो आहे. आपल्याकडेही तसंच टांगलं आहे, दारावरच्या खिळ्याला, राउटरच्या समोर. तूच सांगितलं होतंस.

तरीही दर रविवारी तुझा चेहरा अडकतो, आवाज तुटतो, आणि तू म्हणतोस, समजत नाही, सगळं तर बरोबर आहे. तुझीही चूक नाही. दिवसभर ऑफिसात हेच आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा बापाला हेच, कुणीही वैतागेल. माणूस पाठवायचं म्हणालास तेव्हा बाबा हो म्हणाले, छान झालं म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी कुसकुस अर्धा ताटात तसाच टाकला. माझ्या हातचा कुसकुस टाकणारा माणूस नव्हे तो.

आता ऐक. परवा मी गाबेसच्या नईमा मावशीशी त्याच कॉम्प्युटरवर बोलले. इतकं स्वच्छ दिसत होतं की तिचे सोन्याचे दात मोजून घ्यावेत. एकदाही अडकलं नाही. आणि आज रविवार. तुझा फोन यायच्या थोडं आधी मी मोंजियाकडे तुझ्या बरणीचं विचारायला गेले होते, लवकर परत आले. बाबा तुझ्या खोलीत स्टुलावर उभे. खिळ्यावरचं डोंगल काढलं, वायर गुंडाळून खिशात घातली, आणि वाकून ते पुन्हा कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावलं, भिंतीकडे, लोखंडाच्या आड. मी दारात उभी. त्यांनी पाहिलं. चोरी पकडल्यासारखे लाल झाले. मग म्हणाले, हैथमला सांगू नकोस. नीट चाललं की तो दोन मिनिटांत म्हणतो, उम्मीला द्या. मला रडू आलं, म्हणून स्वयंपाकघरात गेले. म्हणून हे पत्र. त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव, काहीतरी कारण सांग, माणूस मिळाला नाही म्हण. आणि मी तुला लिहिलंय हे त्यांना कधीच कळू देऊ नकोस. पुढच्या रविवारी फोन कर, चेहरा अडकला की नेहमीसारखा करवाद, आणि विचार, बाबा, आता काय काय दिसतंय पडद्यावर, सावकाश वाचून दाखवा. घाई करू नकोस. मी माझं बोलणं बुधवारी वेगळा फोन करून बोलेन.

तुझीच,
उम्मी