ह्यांची काठी, माझी सुरमई

६ जानेवारी
हे दाढ भरायला गेले होते, आले ते तोंड फुगवून! इंजेक्शनमुळे नव्हे, अपमानामुळे. दातांच्या डॉक्टरांनी खुर्चीच्या अगदी समोर स्वतःचा फोटो टांगलाय — काळा चष्मा, छाती पुढे, हातात बाळंतिणीच्या कौतुकाने धरलेली भलीमोठी सुरमई. ह्यांच्या तोंडात कापूस कोंबून वर विचारतात, "काय, यंदा तरी लागणार का काही गळाला?"
"आऽऽ," हे म्हणाले म्हणे. दुसरं काय म्हणणार!
निवृत्त झाल्यापासून एकच ध्यास. गळाच्या स्पर्धेत त्या सुरमईपेक्षा लांब सुरमई.

९ जानेवारी
दिवाणखान्यात सराव. गळ फेकला तो माझ्या पडद्यात. पडदा लगेच लागला!
सोडवताना नियम ऐकावे लागले. काठी ज्याच्या हातात असताना मासा लागेल, त्यानेच शेवटपर्यंत ओढायचा. मध्ये दुसऱ्याने नुसतं बोट लावलं तरी मासा बाद. मग मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.
"सोडायचा? अहो, मग एवढा खटाटोप कशाला?"
"तुला नाही कळायचं."
माझंही नाव दिलंय. का, तर जोडीने गेलं की होडीत छपराखालची जागा मिळते.

१२ जानेवारी
समुद्राचा विषय निघाला, की मला कॉन्व्हेंट शाळेची सहल आठवते. पांढरे मोजे, दोघीदोघींची रांग. वाळूत बसलेल्या एका म्हाताऱ्याने गळाची दोरी माझ्यापुढे केली होती — "धरतेस का, बाळ?" मी हात पुढे केला, आणि सिस्टरची शिट्टी! परत रांगेत.
आज जेवताना ही गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तर ह्यांनीच तोंडाने शिट्टी वाजवली. "पुढचं पाठ आहे मला," म्हणे. मेलं, घरात कुणाला काही सांगायची सोय नाही.

१८ जानेवारी
हात इतके दुखताहेत की पेन धरवत नाही. तरी लिहिणारच!
अर्धा दिवस काही लागलं नाही. शेजारच्या होडीतून डॉक्टर हात हलवत होते, मुद्दाम. मग हे एकदम म्हणाले, "अगं, धर जरा काठी. मागे जाऊन थर्मासातला चहा ओतून घेतो." धरली. आणि कुणीतरी पलीकडून हिसकाच मारला!
"अहो! घ्या ही! घ्या!"
"मी हात लावला तर बाद!" हात पाठीशी बांधून हे माझ्याभोवती नाचत होते. "ओढ! आता सैल सोड! गुंडाळ! बाई, गुंडाळ!"
होडीवाला ओरडत होता, "काकू, पाय रोवा!"
मी पाय रोवले आणि भीतीने शाळेची सकाळची प्रार्थना मोठमोठ्याने सुरू केली. थेट इंग्रजीत. 'आमेन'ला सुरमई वर आली. काय तिची चंदेरी पाठ! डॉक्टरांच्या सुरमईपेक्षा वीतभर लांब!
सोडताना रडूच आलं मला. हेही डोळे पुसत होते. खारं पाणी उडालं म्हणे.

१९ जानेवारी
डॉक्टरांचा फोन. "वहिनी, फोटो पाठवा. माझा उतरवून तुमचा लावतो."
स्वतःला काही मिळालं नाही, तरी हे सगळ्या गल्लीत सांगत फिरताहेत, "आमच्या हिने ओढली! मी बोटसुद्धा लावलं नाही!"

२६ जानेवारी
गाडीच्या डिकीत, जुन्या गोणपाटाखाली, थर्मास सापडला. त्या दिवशीचा. काठोकाठ भरलेला, चहा आंबून गेलेला. होडीत तो चढलाच नव्हता.
"अहो, त्या दिवशी होडीतला चहा कसा होता?"
"फक्कड!" वर्तमानपत्रातून मान वर न काढता.
म्हणजे चहा नुसता बहाणा. काठी माझ्या हातात आली, तेव्हा सुरमई आधीच लागलेली होती. नियमाने बाद.
थर्मास घासून पालथा घातला. मी काही शिट्टी वाजवायची नाही.