खिडक्यांवरचे देव

जबलपूर,
डिसेंबर १९७१

ती. हेमाताईस,

नीलकंठचा नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींची धाप आणि गोंदियाची थंडी, तिन्ही आवाक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे लढाईच्या दिवसांत माणसानं जितपत बरं असावं तितपत. (सुनेत्रा म्हणते, माझी कंबरही लिहा. लिहिली.) माईचं तेरावं आटोपून निघताना तू म्हणाली होतीस, ‘नीलू, आता तरी या घरात उजेड येऊ दे.’ त्या उजेडाचं काय झालं ते कळवण्यासाठी हे पत्र.

पासष्टच्या लढाईत तू गोंदियाला होतीस, म्हणून मूळ कथा तुला ऐकूनच ठाऊक. ब्लॅकआउटचा हुकूम निघाला आणि माईची पहाटेची रांगोळी बंद पडली. अंगणात कंदील न्यायची सोय नाही, आणि अंधारात काढली तर देवाला चार हात निघतील की पाच याचा भरवसा नाही. काही दिवस ती नुसती कासावीस होती. मग अण्णांनी खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद तिच्या नजरेस पडला. तांदळाच्या पिठात डिंक कालवून, काडीला कापूस गुंडाळून ती बसली. पुढच्या खोलीत गणपती, न्हाणीच्या वाटेवर मारुती, स्वयंपाकघरात मगरीवर बसलेली नर्मदामाई. (मगर इतकी सालस निघाली की आमच्या विनयनं तिला पाल समजून बरेच दिवस झाडूनं हाकललं.) काढताना स्वतः रचलेलं काही गुणगुणायची. त्यात देवाची स्तुती थोडी आणि रेशनच्या गव्हाची तक्रार जास्त असे.

तिच्या स्वतःच्या खोलीत मात्र विश्वकर्मा. अण्णा तेव्हा फॅक्टरीत दोन-दोन पाळ्या ओढत होते, घरी यायचे ते झोपायलाच. आणि या विश्वकर्म्याच्या डोळ्यांवर चष्मा, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा! ज्या नवऱ्याचं तिनं कधी नाव घेतलं नाही, त्याचा सरळ देव करून टाकला. ताट वाढलं की आधी तिथं नैवेद्य. सुटीच्या दिवशी अण्णा घरी असले की बिचारे त्या खिडकीकडे पाठ करून जेवत. कागदाचा कोपरान्‌कोपरा तिनं वेलबुट्टीनं भरला होता, फक्त विश्वकर्म्याच्या डाव्या हाताला वीतभर जागा कोरी ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, ‘राहू दे ना. सगळं आजच भरून टाकायचं काय?’

लढाई संपली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, आपल्या उघडल्या नाहीत. कागद काढायचा म्हणजे देव उतरवायचे, उतरवलेले देव ग्वारीघाटावर नेऊन सोडायचे. आणि माई विचारायची, ‘नर्मदामाईलेच नर्मदेत बुडवून राहिला काय तू? चलो, तूच सांग मग तिला.’ मी काही सांगायला गेलो नाही. सुनेत्रानं सहा वर्षं तांदूळ ओसरीवर बसून निवडले. पाहुणे चहाचा कप चाचपडत शोधत. मधे अण्णा गेले आणि विषयच संपला. माई दोन्ही वेळा ताट घेऊन त्या खिडकीपुढे उभी असायची, तिला बाजूला हो म्हणणार कोण?

तर ताई, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कागद उतरवले. खळ माईनं शिजवलेली, त्यामुळे कागदाआधी भिंतीचा रंग सुटला. रविवारी घाटावर न्यायचे म्हणून गुंडाळून देवघरात ठेवले. घरात ऊन आलं. त्या उन्हासाठी सहा वर्षं भांडलेली सुनेत्रा माईच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि रडायला लागली. अंधारात ती खोली भरलेली वाटायची. उजेडात नुसती खाट दिसली, आणि खिडकीखाली माईच्या उभं राहण्यानं गुळगुळीत झालेली फरशी. मलाही तिथं थांबवेना.

त्याच संध्याकाळी रेडिओवर पुन्हा लढाई पेटल्याची बातमी आली, मागोमाग भोंगा. सगळी गल्ली अंधारात आणि उजेड एकट्या आपल्या घरात. वॉर्डन तुळशीराम धावत आला. (हा तोच, जो गल्लीभर आमच्या घराचं उदाहरण देत हिंडायचा आणि खिडक्या तपासायला चपला काढून आत यायचा.) ‘भैयाजी, माँजी के घर से उजाला?’ एवढंच बोलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवे मालवून आम्ही अंदाजानंच देव परत लावले, एक बाजू तुळशीरामनं धरली. सकाळी पाहिलं तर मारुती स्वयंपाकघरात, नर्मदामाई न्हाणीच्या वाटेवर आणि गणपती शीर्षासनात. गणपती तेवढा सरळ केला. बाकीच्यांना सुनेत्रा म्हणाली, बसलेत तिथं बसू द्या.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
नीलकंठ

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. विश्वकर्म्याचा कागद उतरवताना माझ्या हातून फाटला, नेमका चेहऱ्यावर. अण्णांचा एकच फोटो होता, फॅक्टरीच्या पासवरचा, तो पासाबरोबर जमा झाला. मी खडूनं चेहरा काढून पाहिला, तो तुळशीरामवर गेला. (तुळशीराम खूश आहे.) माईचा हात तुझ्यात उतरलाय, हे तीच म्हणायची. छोटी लाइन सुरू आहे, अंधारात का होईना गाडी पोचते. ये. डिंक आणून ठेवलाय.

आणखी एक – लढाई संपली तरी माईच्या खोलीचा कागद काढायचा नाही, असं सुनेत्रानंच ठरवलं आहे. तेव्हा उजेडाचं तू मनावर घेऊ नकोस. आणि ती वीतभर कोरी जागा कोणासाठी होती ते मला आत्ता कळलं. तिथं माईला काढ. हातात ताट देऊ नकोस. बसलेली काढ. उभी आपण तिला जन्मभर पाहिली.