वेनलॉकची फाइल

३ मार्च, मंगळवार

रॉडरिक वेनलॉकनं कुणालाही मुलाखत दिलेली नाही. त्याच्या एजंटनं सकाळी लंडनहून फोनवर सांगितलं. दोनदा विचारलं, दोनदा तेच.

मग आमच्याच पेपरच्या साइटवर माझ्या हाताखालच्या कादंबरीच्या नावानं त्याची मुलाखत आलीय ती कुठून आली? माझ्या फाइलमधून. दुसरं काय!

नऊ वर्षांपूर्वी वेनलॉक नाटक घेऊन सिॲटलला आला होता. मी त्याचा मृत्युलेख लिहून ठेवत होते — मोठ्या माणसांचे आधीच लिहून ठेवायचे, वर्षातून एकदा झटकायचे. हॉटेलच्या लॉबीत तीन दुपारी बोलला. लहान गावांतल्या नाटक कंपन्या, रंगमंचावरचे राजे, टीव्हीवरचा तोतरा पाद्री, हॉलिवुडचे खलनायक. शेवटच्या दुपारी कप बाजूला सारून म्हणाला, "हे मी गेल्यावरच छापायचं."

पहिली मोठी भूमिका त्याची नव्हतीच. कॉलिन नावाच्या मित्राची होती. दुपारचा प्रयोग दोन तास अलीकडे आणलाय, हा निरोप कॉलिनला देणं वेनलॉककडे होतं. त्यानं दिला नाही. कॉलिन पोचला तेव्हा मुकुट याच्या डोक्यावर होता. कंपनीनं कॉलिनला काढलं. पुढे आयुष्यभर त्यानं बूट विकले.

नऊ वर्षं हे सांभाळलं. देवदत्तलासुद्धा सांगितलं नाही — नवरा असून.

४ मार्च

कादंबरीला कॉफीला नेलं. नागपूरची, चौतीस वर्षांची, वर्क व्हिसावर. हिची शिफारस मीच केली होती. नोव्हेंबरात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मृत्युलेखांचं काम तिच्याकडे सोपवून फाइलचा पासवर्डही मीच दिला.

"ताई, मी फाइल ओपनच नाही केली. त्यांनी स्वतः मला कॉल केला."

"एजंट नाही म्हणतो."

"त्याला माहीतच नसेल, यार... सॉरी, ताई. तुम्ही डायरेक्ट त्यांना विचारा ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाले. वसुधाला नको."

"आणि तू ऐकलंस."

"तुम्ही पण ऐकलंतच ना? नऊ वर्षं."

उद्धट.

५ मार्च

वेनलॉकला ईमेल केली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची उलटतपासणी कशी करायची? गुपित फुटल्याबद्दल नुसती माफी मागितली.

६ मार्च, शुक्रवार

आमच्या संपादक मार्थानं विचारलं, "तिनं फाइलमधूनच घेतलं, तुझी खात्री आहे?" चाळीस वर्षं बातम्या लिहितेय. हो म्हणायला मला क्षणभरही लागला नाही.

दुपारी कादंबरीला काढलं, लेखही उतरवला. नोकरी गेली की व्हिसाचे साठ दिवस, मग देश सोडायचा. तिची लेक नैना पहिलीत आहे. जाताना माझ्या टेबलाशी थांबली नाही.

देवदत्त न्यायला आला होता. सगळं ऐकून म्हणाला, "अगं, त्या म्हाताऱ्यालाच विचारायचंस की सरळ."

बॉथेलला घरी पोचेपर्यंत मी गाडीतला रेडिओ मोठा ठेवला.

७ मार्च

राग उतरत नाही. हाताला धरून शिकवलेली मुलगी! तिच्या पहिल्या चार बातम्यांची कात्रणं अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. फेकणार होते. फेकली नाहीत.

८ मार्च, रविवार

वेनलॉकचं उत्तर आलं.

"प्रिय वसुधा, माफी कसली? त्या मुलीला मीच फोन केला. कॉलिन जानेवारीत गेला. आता लपवून कुणाला वाचवायचं? साठ वर्षं मी माझं प्रत्येक परीक्षण वाचलंय. शेवटचंही जिवंतपणीच वाचायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू शब्द पाळत बसली असतीस. लेख दिसत नाही तो? फार छान लिहिला होता तिनं."

जसंच्या तसं मार्थाला पाठवलं. तिनं कादंबरीला उद्या नऊला बोलावलंय. ती यायला तयार आहे — मी खोलीत नसेन तर.